दमानं

पहाटे घंटा झाली तर होड्या निघणार.
घंटा म्हणजे खांबाला टांगलेलं गॅसचं रिकामं नळकांडं,
त्यावर हातोडा.
मी अंथरुणात तिची वाट बघते, पण आधी
शेजारच्या खोलीतलं ऐकते:
डेन्झिलच्या छातीचं दार नीट लागलंय,
की वाऱ्यानं कुरकुरतंय.

आज कुरकुरतंय.

ऊठ. ताठ उभा राहा.
खोल घे, ओठ घट्ट लाव,
आता एका फुंकरीत सगळं.
काटा सरकतो. दोनशे दहा.
परत. दोनशे.
परत. दोनशे वीस.
चांगल्या दिवशी दोनशे ऐंशी असतात.
मोठा आकडा लिहायचा, बाकीचे सोडून द्यायचे;
या घरात एवढा एकच हिशेब उदार आहे.

दोनशे वीस म्हणजे पिवळा पट्टा.
निळ्याचे दोन दाब, शाळेत जायचं,
टेकडीवर पळायचं नाही, मेंढ्यांत लोळायचं नाही.

बेटावर अडीचशे माणसं, मोजकी आडनावं.
पहिल्या जहाजांतून उतरलेल्यांत
कुणीतरी दोघं-तिघं खोकत असणार.
त्यांनी बटाटे लावले, मेंढ्या सोडल्या, मुलं वाढवली,
आणि खोकला मागे ठेवला
जमिनीसारखा, वाटणी न करता.
परदेशी डॉक्टर आले, आमचं रक्त
नळ्यांत भरून सात दिवसांच्या समुद्रापार घेऊन गेले.
दमा इथंच राहिला.

जहाज चार दिवस समोर उभं आहे.
लाटा अशा, की होडी लागत नाही.
रात्री ते बंद दुकानासारखं दिसतं:
दिवे आहेत, माल आहे, दार नाही.
आत पीठ, कांदे, डिझेल, पत्रं,
आणि दवाखान्याच्या खोक्यात तपकिरी पंप.

तपकिरी रोजचा. काही होत नसताना घ्यायचा.
नेमकं हेच कुणाला पटत नाही.
छप्पर गळत नसताना कोण शाकारतं?
सगळेच शाकारतात. म्हणून तर गळत नाही.

हे मी डेन्झिलला किती वेळा सांगितलं.
आणि माझा तपकिरी आठ दिवस बंद ठेवला,
त्याला पुरावा म्हणून.
लोकर पिंजताना धाप लागली; म्हटलं, लोकर.
वाफ्यांच्या वाटेवर दोनदा थांबले; म्हटलं, वारा.
काल रात्री टेबलावर हात टेकून वाकले होते,
ओठांचा चंबू करून हवा बाहेर ढकलत.
लोकांना वाटतं, दम्यात हवा आत येत नाही.
आलेली जातच नाही,
पाहुण्यासारखी बसून राहते.

डेन्झिलनं बघितलं.
खुर्ची सरकवली. निळा हलवला,
प्लास्टिकची नळी जोडली, तोंडाशी धरली,
आणि माझंच मला परत दिलं:
खांदे खाली. एक दाब. दहापर्यंत थांब.
दमानं घे, आई.

मग अनवाणी थर्झाकडे पळाला.
नर्सबाई कोटाखाली झोपायच्या कपड्यांत आल्या.
रागावल्या नाहीत, तेच लागलं.
"तुझा श्वास उरवून त्याला देता येत नाही," म्हणाल्या,
"तो काय बटाटा आहे, पोत्यात भरून ठेवायला?"
त्यांच्या कपाटात राखीव पंप होते.
होतेच.
मी विचारायला गेले नव्हते.

घंटा झाली.
समुद्र पडला असावा; सेल्विन अंधारात बूट शोधतोय,
एक सापडला, एकाला शिव्या घालतोय.
मी खिडकीशी उभी राहून फुंकते.
दोनशे नव्वद.
माझे चांगले चारशे असायचे.
मग तपकिरी, मग चूळ भरायला वळते,
तर डेन्झिल पेन्सिल घेऊन वाटेत उभा.
कॅलेंडरवर त्याच्या रकान्याशेजारी
त्यानं एक वाकडी रेघ ओढली आहे,
वर लिहिलंय, आई.

"परत फुंक," म्हणतो,
"तीनदा असतं."